करवंटीचा हार्ड कार्बन आणि सोडियमची सेल: प्रकल्प नोंदी

२१ ऑगस्ट २०२४

नारळी पौर्णिमा परवाच झाली. घरोघरी नारळीभात झालेला, त्यामुळे करवंट्या मागायला याहून बरी वेळ नाही. कोकणातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये दोन पोती येऊन पडली आहेत.

करायचं आहे ते असं: करवंटीपासून हार्ड कार्बन बनवायचा आणि सोडियम-आयन बॅटरीत ॲनोड, म्हणजे चार्ज होताना सोडियम साठवणारं टोक, म्हणून तपासायचा. लिथियमच्या बॅटरीत ग्राफाइट चालतं, सोडियमला ते घेत नाही. सोडियमला लागतो थर विस्कटलेला, बारीक पोकळ्या असलेला कार्बन, हाच हार्ड कार्बन. २००० साली कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात डेव्हिड स्टीव्हन्स आणि जेफ डान यांनी साध्या ग्लुकोजपासून असा कार्बन केला आणि त्यात ग्रॅममागे सुमारे ३०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) इतका सोडियम साठतो हे दाखवलं. सोडियम-आयनच्या ॲनोडवर आज जे काम चाललं आहे, त्यातला मोठा भाग याच पेपरवर उभा आहे.

आमच्या मार्गदर्शक मॅडमची अट एकच. "आधी डान यांचा ग्लुकोज कार्बन आपल्या भट्टीत करून दाखव. तो जमला की करवंटीचं बोलू." सुरुवातीला हे काम दुप्पट करण्यासारखं वाटलं होतं. या नोंदी पुढे वाचाल तेव्हा दिसेल की ग्लुकोज सोबत नसता, तर आम्ही चुकीच्या जागी महिनेच्या महिने शोधत बसलो असतो.

करवंटी साफ करताना शेंडीचे धागे आणि आतला खोबऱ्याचा पापुद्रा पूर्ण खरवडून काढा. काथ्याची राख करवंटीच्या राखेपेक्षा वेगळी असते. ती मिसळली की दोन बॅच सारख्या येत नाहीत. लॅबमधल्या मामांनी कोयत्याच्या पाठीने करवंट्या फोडून बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दिले. मिक्सरच्या नादी लागू नका, पातं जातं.

२९ ऑगस्ट

पहिलं तापवणं थेट नळीच्या भट्टीत केलं. ते फसलं. २५० ते ४५० अंशांच्या दरम्यान करवंटीतून डांबरासारखा काळा चिकट द्रव निघतो. तो वाफेने पुढे जातो आणि नळीच्या थंड टोकाला गोठतो. आमची बाहेर जाणारी सिलिकॉनची नळी आतून बुजली, हवा दूर ठेवणाऱ्या आर्गन वायूचा दाब वाढला आणि टोकाचं रबरी कॉर्क उडालं. कोणाला लागलं नाही.

आता दोन टप्पे केले आहेत. पहिला टप्पा ६०० अंशांपर्यंत, साध्या मफल भट्टीत, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. झाकणाला बारीक भोक ठेवायचं, एक्झॉस्ट चालू ठेवायचा. सगळं डांबर इथेच निघून जातं. १०० ग्रॅम कोरड्या करवंटीतून साधारण ३० ग्रॅम कोळसा हाती येतो. दुसरा टप्पा आर्गनमध्ये, १३०० अंशांना.

बुजलेली नळी ॲसिटोनने साफ होत नाही. फेकून नवी घ्या.

५ सप्टेंबर

आज ग्लुकोज. औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर वापरू नका, तिच्यात फॉस्फेट, कॅल्शियम, जीवनसत्त्वं असं बरंच काही मिसळलेलं असतं. लॅब ग्रेडचा ॲनहायड्रस डेक्स्ट्रोज घ्या. त्यात राख जवळपास नसते, आणि तुलनेला तो घ्यायचा तो याचसाठी.

ओव्हन १८० अंशांवर लावलं. ग्लुकोज आधी वितळतो, मग पिवळा, तांबूस, शेवटी काळा होतो आणि पाणी सोडत फुगतो. अर्धी भरलेली क्रूसिबल दूध उतू जावं तशी वरून वाहिली आणि ओव्हनच्या जाळीवर काळी काच जमली. ती छिन्नीने काढावी लागली. क्रूसिबल पाव भागापेक्षा जास्त भरू नका, खाली पसरट ट्रे ठेवा आणि रात्रभर १८० वर राहू द्या. सकाळी जे मिळतं ते ठिसूळ, चकचकीत, बुडबुड्यांनी भरलेलं असतं. खलात सहज कुटलं जातं.

पावडर बारीक करायची ती आत्ताच, १३०० च्या आधी. १३०० नंतर बॉल मिलमध्ये घातली तर कणांचे नवे, उघडे पृष्ठभाग तयार होतात, त्यांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि पहिल्या चार्जमध्ये तेवढा सोडियम वाया जातो. आम्ही ४०० मेशच्या चाळणीतून, म्हणजे ३८ मायक्रॉनखालची पावडर पुढे नेतो.

१८ सप्टेंबर

गणपती काल गेले. भट्टी परत सुरू.

१३०० अंश, मिनिटाला ३ अंश चढ, दोन तास थांबा, उतारही ३ अंशांनीच. सकाळी पावडरीची बोट, म्हणजे भट्टीत ठेवायचं लांबट भांडं, बाहेर काढली तर गॅस आत येतो त्या बाजूच्या पावडरीवर राखाडी थर. ऑक्सिजन आत येत होता. त्यात आर्गनचा सिलिंडरही वेळेच्या फार आधी उतरला होता. हिशोब सोपा आहे: मिनिटाला १०० मिली म्हणजे तासाला ६ लिटर, एका रनला १२० लिटरच्या आसपास. सात घनमीटरचा सिलिंडर या वेगाने महिनोन्‌महिने पुरायला हवा. साबणाचं पाणी लावून पाहिलं तेव्हा रेग्युलेटरच्या नटपाशी बुडबुडे आले. वॉशर बदलला. वॉशर काही रुपयांचा, त्याच्यापायी गेलेला गॅस काही हजारांचा.

लीक काढल्यावरही दोन गोष्टी कायम ठेवल्या. तापवण्याआधी नळी व्हॅक्युम करून आर्गनने भरायची, असं तीनदा. आणि आपल्या बोटीच्या पुढे, गॅस येतो त्या बाजूला, करवंटीच्या कोळशाची एक बळीची बोट ठेवायची. उरलासुरला ऑक्सिजन ती खाते. तिचा थर दर वेळी थोडा राखाडी होतो, आपली पावडर काळीच राहते.

३० सप्टेंबर

रात्री वीज गेली, तासाभराने आली. कंट्रोलरची सेटिंग अशी होती की वीज आली की प्रोग्राम जिथे असायला हवा होता तिथूनच पुढे चालू. आतलं तापमान खूप उतरलेलं, कंट्रोलरला हवे होते हजाराच्या वर. त्याने पूर्ण ताकदीने तापवलं. सकाळी ॲल्युमिनाच्या नळीला मधोमध केसासारखा तडा.

नवी नळी २०,००० रुपयांच्या आसपास, आणि ती यायला दिवाळी ओलांडेल असं विक्रेता म्हणतो. हा या प्रकल्पातला सगळ्यात महाग धडा, म्हणून ठळक सांगते: कंट्रोलरच्या मेन्यूत वीज गेल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो. तो "थांबा" वर ठेवा. एक बॅच गेली तर जाऊ द्या, नळी वाचते.

११ नोव्हेंबर

नळी आली. करवंटी आणि ग्लुकोज, दोन्हींचे १३०० चे रन नीट झाले. करवंटीच्या १०० ग्रॅममागे शेवटी २५ ग्रॅम कार्बन उरतो.

करवंटीच्या रननंतर नळीच्या थंड टोकाला पांढरट खरपुडी दिसली. संध्याकाळपर्यंत तिला ओल सुटली. करवंटीच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं, हे तेच. मोठ्या तापमानाला ते वाफ होऊन निघतं आणि थंड भागात बसतं. ग्लुकोजच्या रनला टोक स्वच्छ. खरपुडी कोरड्या कापडाने, हातमोजे घालून पुसा. थेट पाणी ओतू नका, त्यात धातूरूप पोटॅशियमचा अंश असू शकतो.

एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या चाचणीत, दोन्हींचा पहिला उंचवटा रुंद आणि २३-२४ अंशांच्या जवळ. थरांमधलं अंतर ०.३७ नॅनोमीटरच्या वर. ग्राफाइटमध्ये ते ०.३३५ असतं. म्हणजे कार्बन हवा तसा विस्कटलेला आहे. एक्सआरडीवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका. दोन नमुन्यांचे आलेख सारखे दिसतात आणि सेलमध्ये ते अगदी वेगळे वागतात.

२२ नोव्हेंबर

स्लरी, म्हणजे फॉइलवर लावायचा लगदा. ९० भाग कार्बन, ५ भाग कंडक्टिव्ह ब्लॅक (वीज वाहणारी काजळी), ५ भाग सीएमसी (कण चिकटवून ठेवणारा पदार्थ), पाण्यात. सोडियममध्ये पीव्हीडीएफ या दुसऱ्या चिकटवणाऱ्या पदार्थापेक्षा सीएमसी बरा, पहिल्या चार्जचा तोटा कमी होतो, आणि महागडं विषारी एनएमपी हे द्रावक लागत नाही. फॉइल ॲल्युमिनियमची. लिथियमच्या ॲनोडला तांबं लागतं कारण लिथियम कमी व्होल्टेजला ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करतो. सोडियम करत नाही, म्हणून स्वस्त फॉइल चालते.

ग्लुकोजचं कोटिंग उत्तम आलं. करवंटीचं लावलं, आणि पाहता पाहता पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे येऊन फुटू लागले. वाळल्यावर सगळीकडे भोकं, भोकांतून चमकणारी फॉइल. आधी वाटलं ढवळताना हवा गेली. पुन्हा सावकाश ढवळून लावलं, तेच. मग पीएच पेपर बुडवला: १० च्या पुढे. कार्बनमध्ये उरलेल्या पोटॅशियम-कॅल्शियममुळे स्लरी अल्कली झाली होती आणि ती ॲल्युमिनियम खात होती. बुडबुडे हायड्रोजनचे.

उपाय धुणं. २ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड, ६० अंश, रात्रभर. मग डिस्टिल्ड पाण्याने, गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर दुधाळपणा येईनासा होईपर्यंत. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, पण थेंबभरच लागतं आणि क्लोराइड राहिलं का हे डोळ्यांना दिसतं.

धुवायचं कधी, यावर लॅबमध्ये वाद झाला. १३०० नंतर धुतलं तर तयार पावडर वाचते. ६०० नंतर, म्हणजे मधे धुतलं तर काम पुन्हा सुरुवातीपासून. दोन्ही करून पाहायचं ठरलं. यापुढे "उशिरा धुतलेला" आणि "आधी धुतलेला" असे दोन नमुने.

५ डिसेंबर

सेल जोडायला ग्लोव्हबॉक्स लागतो, म्हणजे ओल आणि हवा नसलेली बंद पेटी. तो आमच्याकडे नाही. पुण्यातल्या एका संस्थेत तासावर मिळतो. कोटिंग केलेल्या चकत्या झिप पाऊचमध्ये, सिलिका जेलसोबत, एसटीने नेल्या.

सोडियमचा गोळा तेलात बुडवून येतो. हेक्सेनने तेल धुवायचं, वरची पिवळी-पांढरी साल सुरीने चारी बाजूंनी तासायची, आतला भाग चांदीसारखा चमकला पाहिजे. मग दोन पॉलिथिनच्या मधे लाटून पातळ करायचा आणि पंचने गोल कापायचा. तो पंचला चिकटतो. पंचच्या तोंडाशी पातळ पॉलिथिन धरलं की सुटतो. सेल सीआर२०३२ या नाण्यासारख्या आकाराचा, मधे काचतंतूचा सेपरेटर (दोन टोकं वेगळी ठेवणारा पडदा), इलेक्ट्रोलाइट ईसी-डीईसी या द्रावकांच्या मिश्रणात १ मोलर सोडियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट.

निकाल वाईट. पहिल्या फेरीत जेवढा सोडियम आत गेला त्यातला जेमतेम निम्मा बाहेर आला. काही सेलचे आलेख करवतीच्या दात्यांसारखे खाली-वर.

ग्लुकोज इथे कामाला आला. करवंटीचेच सेल केले असते तर आम्ही कार्बनला दोष दिला असता आणि भट्टीकडे परत गेलो असतो: १४०० करू, जास्त धुऊ, वेगळी करवंटी घेऊ. पण ग्लुकोजचे सेलही तितकेच वाईट होते, आणि ग्लुकोजचा कार्बन चांगला चालतो हे २००० पासून जगाला माहीत आहे. म्हणजे खोट कार्बनमध्ये नाही, सेलमध्ये.

१९ डिसेंबर

खोट पाण्याची. पावसाळा संपला तरी किनाऱ्यावरची हवा कोरडी नसते. सीएमसी पाणी धरतो, पोकळ्यांचा कार्बन धरतो, काचतंतूचा सेपरेटर तर टीपकागदच आहे. पाऊचमधल्या सिलिका जेलच्या निळ्या मण्यांचा रंग पुण्यात पोहोचेपर्यंत उडाला होता. तेव्हाच ओळखायला हवं असं कुणीही म्हणेल, पण मण्यांचा रंग बदलणं सगळे इतकं गृहीत धरतात की तिकडे लक्षच जात नाही.

आता चकत्या आणि सेपरेटर दोन्ही पुण्यातच, ग्लोव्हबॉक्सला जोडलेल्या व्हॅक्युम ओव्हनमध्ये १२० अंशांवर रात्रभर वाळवतो आणि हवा न लागता थेट आत घेतो. ग्लोव्हबॉक्सचे तास वाढतात, पैसे वाढतात. इथे काटकसर करू नका.

सुकवलेल्या सेलचे आकडे, ३० मिलिअँपिअर प्रति ग्रॅम करंटला, पहिली फेरी, ग्रॅममागे एमएएचमध्ये. ग्लुकोज: आत ३३५, बाहेर २७१, म्हणजे ८१ टक्के परत. करवंटी, उशिरा धुतलेली: आत ३३१, बाहेर २१४, ६५ टक्के. करवंटी, आधी धुतलेली: आत ३४२, बाहेर २८४, ८३ टक्के.

वादाचा निकाल लागला. १३०० कडे जाताना पोटॅशियम कार्बनला आतून कोरतं. ॲक्टिव्हेटेड कार्बन बनवताना हेच मुद्दाम करतात. नंतर धुतलं तर पोटॅशियम जातं, कोरलेली भोकं राहतात, आणि पहिल्या चार्जमध्ये इलेक्ट्रोलाइट त्या सगळ्या पृष्ठभागावर विघटित होऊन सोडियम अडकवतो. बीईटीतही, म्हणजे पृष्ठभाग मोजणाऱ्या चाचणीतही, दिसलं: उशिरा धुतलेल्याचं क्षेत्रफळ आधी धुतलेल्याच्या कितीतरी पट. तेव्हा ६०० ला थांबा, धुवा, वाळवा, मगच १३००.

हा परतीचा टक्का हाफ सेलमध्ये कोणाला खुपत नाही, कारण समोर सोडियमचा अख्खा तुकडा बसलेला असतो, तो कमी पडत नाही. खऱ्या बॅटरीत सगळा सोडियम कॅथोडमधून, म्हणजे समोरच्या टोकातून, यायचा असतो. तिथे ६५ टक्के म्हणजे महागड्या कॅथोडचा तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी गेला. कुठल्याही पेपरात आधी हा आकडा शोधा, कपॅसिटी नंतर.

१७ जानेवारी २०२५

ज्युनिअरच्या एका सेलने ३५० दाखवले. लॅबमध्ये आनंद झाला. मॅडमनी वजनाची वही मागवली.

१२ मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. १६ मायक्रॉनची नुसती फॉइल ४.९ मिलिग्रॅम भरते. त्या चकतीवर कार्बन होता ०.६ मिलिग्रॅम, तोही ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचणाऱ्या काट्यावर. खरा ०.७ असेल तर ३५० चे ३०० होतात. फॉइलच्या नुसत्या चकत्या तोलून पाहिल्या, त्यांच्यातच आपापसात ०.१ चा फरक निघाला. हा शोध नव्हता, काटा होता.

आता कोटिंग जाड: चकतीवर निदान २ मिलिग्रॅम कार्बन. काटा ०.०१ मिलिग्रॅमचा. प्रत्येक फॉइलच्या पट्टीतून दहा कोऱ्या चकत्या कापून सरासरी. करंटचंही तसंच. २ मिलिग्रॅमला ३० मिलिअँपिअर प्रति ग्रॅम म्हणजे ६० मायक्रोअँपिअर. सेल चार्ज करणाऱ्या यंत्रातल्या ५ मिलिअँपिअरच्या चॅनलची अचूकता पूर्ण पट्ट्याच्या ०.१ टक्का असेल तर चूक ५ मायक्रोअँपिअरची, म्हणजे ८ टक्के. लहान रेंजचा चॅनल मागून घ्या.

डान यांच्या कामातला मला सर्वात जास्त आदर वाटतो तो भाग हाच आहे. नवी द्रव्यं अनेक जण करतात. त्यांच्या गटाने चार्जरच अधिक अचूक बांधले, म्हणजे फेरीमागे हरवणारा अगदी बारीक अंश मोजता यावा आणि सेल किती वर्षं टिकेल याचा अंदाज काही आठवड्यांत यावा. २०१९ मध्ये तर त्यांनी एका चांगल्या लिथियम सेलच्या चाचण्यांचे भरपूर आकडे प्रसिद्ध केले, हेतू हा की इतरांनी आपले सेल त्याच्याशी ताडून पाहावेत. आमच्यासारख्या लहान लॅबला असा आधार फार मोलाचा असतो.

१४ फेब्रुवारी

जलद चार्जची चाचणी. करंट दहापट केला, ३०० मिलिअँपिअर प्रति ग्रॅम. कपॅसिटी २८४ वरून ९० च्या आसपास कोसळली. व्होल्टेजच्या आलेखातला ०.१ व्होल्टच्या खालचा सपाट भाग पूर्ण नाहीसा. "करवंटीचा कार्बन मंद आहे" असं रिपोर्टात लिहायला घेतलं होतं, पण ग्लुकोजही तसाच कोसळला, आणि तेवढ्यावरून थांबलो.

दोन्ही बाजूंना सोडियम असलेला सेल केला आणि त्यातून तेवढाच करंट सोडला. सुमारे १२० मिलिव्होल्ट नुसते सोडियमच्या दोन तुकड्यांनी खाल्ले, म्हणजे एका तुकड्याने ६०. आपला सपाट भाग शून्य ते १०० मिलिव्होल्टमध्ये. समोरच्या सोडियमनेच ६० खाल्ले की सायकलर (चार्ज-डिस्चार्ज करणारं यंत्र) शून्य व्होल्ट बघतो आणि कार्बन भरायच्या आधीच थांबतो. कार्बन मंद आहे की नाही हे दोन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये कळतच नाही. तीन इलेक्ट्रोडची सेल लागेल. ती आमच्याकडे नाही, म्हणून रिपोर्टातून जलद चार्जचं कोष्टक काढून टाकलं.

उरलेल्या सोडियमचे तुकडे पाण्यात टाकू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, एकेक, धुराड्याखाली, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत.

२१ मार्च

आधी धुतलेली करवंटी आणि ग्लुकोज, दोन्हींच्या पावडरी दुसऱ्या राज्यातल्या एका लॅबला पाठवल्या होत्या. बाटल्यांवर फक्त अ आणि ब. आज त्यांचे आकडे आले: अ २७९, ब २६६, परतीचे टक्के ८२ आणि ८०. अ करवंटी आहे हे त्यांना आज कळवलं.

खर्चात सर्वात मोठा वाटा फुटलेल्या नळीचा, त्याखालोखाल ग्लोव्हबॉक्सच्या तासांचा. करवंट्या फुकट.

पुढचं काम पूर्ण सेल, समोर सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेटचा कॅथोड. त्यासाठी कॅथोड आणि ॲनोडचं वजन जुळवावं लागेल, म्हणून या आठवड्यात फॉइलच्या कोऱ्या चकत्या तोलणं चालू आहे. ६०० ला थांबवलेला, धुतलेला कोळसा बरणीत शिल्लक आहे. कुणाला तुलनेसाठी हवा असेल तर पाठवू, सोबत ग्लुकोजच्या कार्बनची बाटलीही देऊ. दोन्ही एकाच दिवशी, एकाच इलेक्ट्रोलाइटमध्ये लावा.